सोल लाइन डान्स : शिकताना आणि बसवताना

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची असून काही वर्षांपासून मुलाकडे अटलांटाजवळ राहते. जवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये सोल लाइन डान्सचा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतावर रांगांत उभे राहून सगळ्यांनी एकसारखी पावले टाकण्याच्या नाचाचा, वर्ग भरतो. येणाऱ्या बहुतेक महिला आफ्रिकन-अमेरिकन आहेत आणि त्यांतील कित्येक जणी साठी ओलांडलेल्या आहेत. सरळ पावले मला जमतात, पण सगळ्या वळल्या की माझा पाय अडकतो. कुणाला दिसू नये म्हणून मी शेवटच्या रांगेत उभी राहते. माझे वय ५९ आहे. मला हे जमेल का?

उत्तर : अवश्य जमेल. मात्र शेवटची रांग आधी सोडा. सोल लाइन डान्समधील बहुतेक रचना चार भिंतींच्या असतात, म्हणजे ठरलेल्या पावलांचे एक आवर्तन संपले की सगळे पाव वळण (९० अंश) घेतात आणि तीच पावले नव्या दिशेला तोंड करून पुन्हा सुरू होतात. अशी दोन आवर्तने झाली की सगळ्यांची तोंडे मागच्या भिंतीकडे होतात आणि शेवटची रांग आपोआप पहिली ठरते. नेमक्या त्याच वेळी तुमच्यासमोर पाहायला कुणी उरत नाही. घोळक्याच्या मध्यभागी उभ्या राहा. तिथे चारही दिशांना तुमच्यापुढे एखादी जाणकार बाई असेल.

वळताना पाय अडकण्याचे कारण बहुधा वळणाच्या आधीच्या काउंटमध्ये, म्हणजे मोजलेल्या ठोक्यात, सापडते. ग्रेपव्हाइन हे अगदी प्राथमिक पाऊल घ्या : उजवा पाय बाजूला, डावा त्याच्या मागून, उजवा पुन्हा बाजूला, आणि चौथ्या काउंटला डावा पाय नुसता टेकवायचा. टेकवण्याऐवजी तुम्ही त्या पायावर भार दिलात, तर पुढचे पाऊल डाव्याच पायाने टाकायचे असल्यामुळे तुमच्याजवळ मोकळा पाय उरत नाही. म्हणून घरी संगीत न लावता, सावकाश आकडे मोजत सराव करा आणि प्रत्येक आठ काउंटच्या शेवटी कोणता पाय मोकळा आहे, हे स्वतःला विचारा. पावलांची नावे पाठ करण्यापेक्षा या सवयीचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

सुरुवातीला क्युपिड या गायकाच्या २००७ मधील ‘क्युपिड शफल’वर नाचून पाहा. उजवीकडे, डावीकडे, पाय पुढे झटकणे आणि जागच्या जागी चालत पाव वळण घेणे, असे प्रत्येकी आठ काउंटचे चार भाग त्यात आहेत, आणि पुढे काय करायचे ते गाणेच सांगते. शिकागोच्या डीजे कॅस्पर यांचा ‘चा चा स्लाइड’ही असाच सूचना देणारा आहे, तो त्यांनी १९९८ मध्ये व्यायामशाळेत शिकवणाऱ्या आपल्या भाच्यासाठी तयार केला होता. बुटांचा तळ रबरी आणि फार पकडणारा नसावा, नाहीतर पाऊल जागेवर राहते आणि गुडघा पिळवटतो. पूर्ण गिरकीने चक्कर येत असेल तर तेवढे काउंट जागच्या जागी चालून काढावेत. त्याला कुणी हरकत घेत नाही.

प्रश्न : कंट्री लाइन डान्स आणि सोल लाइन डान्स यांत नेमका फरक काय?

उत्तर : पावलांची मूळ सामग्री बरीचशी समान आहे. फरक संगीतात आणि अंगात आहे. कंट्री हे अमेरिकेच्या ग्रामीण भागातले संगीत. सोलमध्ये आर अँड बी (रिदम अँड ब्लूज), फंक, हिप-हॉप, क्वचित गॉस्पेल हे ख्रिस्ती भक्तिसंगीत वाजते. गुडघे सैल असतात, भार खाली जमिनीकडे ठेवलेला असतो आणि कंबर व खांदे ठेक्याला स्वतंत्रपणे उत्तर देतात. या नाचाची परंपरा कृष्णवर्णीय अमेरिकन समाजाची आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ओहायोतील कोलंबस शहरात रुजलेला मॅडिसन हा रांगेतला नाच तिचा एक ठळक पूर्वज होय. त्यात पुढच्या पावलाची हाक दिली जाई. डेट्रॉइटमध्ये या नाचांना आजही ‘हसल’ म्हणतात. परंपरा जिवंत असल्याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे ‘बूट्स ऑन द ग्राउंड’ : २०२५ मध्ये या गाण्यावरचा नाच सर्वत्र पसरला आणि हातातला घडीचा पंखा फटकन उघडण्याचा आवाज त्याच्या ठेक्याचाच भाग बनला.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील काही मैत्रिणी हौसेने लाइन डान्स करतो. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी स्वतःचा नाच बसवण्याची इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी? मराठी गाणे चालेल का?

उत्तर : सुरुवात पावलांपासून करू नका, गाण्यापासून करा. निवडलेले गाणे न नाचता अनेकदा ऐका, आठ-आठ काउंट मोजत जा आणि गायकाची ओळ कुठे संपते, ध्रुवपद कुठे येते, मध्येच चार काउंट कुठे वाढले आहेत, याची कागदावर नोंद करा. चार ठोक्यांच्या पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यात संगीताचे वाक्य बहुधा ३२ काउंटमध्ये पुरे होते, म्हणून ३२ काउंटचा नाच आणि गाणे बरोबरीने चालतात.

हा नियम अटळ मात्र नाही. ‘इलेक्ट्रिक स्लाइड’ या प्रसिद्ध लाइन डान्सचे सर्वांत प्रचलित रूप १८ काउंटचे आहे. त्यामुळे नाचाचे आवर्तन ३२च्या वाक्यात दर वेळी वेगळ्या जागी सुरू होते, आणि नाचाची व वाक्याची सुरुवात पुन्हा एकत्र येण्यास २८८ काउंट, म्हणजे नाचाची १६ आवर्तने जावी लागतात. त्या नाचाचा कंटाळा सहसा येत नाही, याचे श्रेय मी या सरकण्याला देतो. तरीही पहिला नाच ३२ काउंटचाच बसवावा, असे माझे मत आहे.

दुसरी अट मोकळ्या पायाची. नाच उजव्या पायाने सुरू होत असेल, तर शेवटच्या काउंटला भार डाव्या पायावर आलेला असला पाहिजे. ही सांधेजोड चुकली, तर पहिले आवर्तन सुरेख होते आणि दुसऱ्याच्या पहिल्या पावलाला सारी रांग अडखळते. वाढीव चार काउंट असलेल्या गाण्यात तेवढ्याच काउंटची सोपी जोड द्यावी. मात्र ती एकदाच यावी, कारण नंतर येऊन रांगेत उभ्या राहणाऱ्याला अपवाद ठाऊक नसतात. याच कारणाने संपूर्ण रचनेत अवघड पाऊल एखादेच ठेवावे, आणि चार-सहा काउंट मुद्दाम साधे सोडावेत. हौशी रचनाकार येथेच कमी पडतात. प्रत्येक काउंट भरून टाकतात. सोल लाइन डान्समध्ये पावले सर्वांची असली तरी खांद्याचा झोल, हाताची लकब, टाळी ज्याची त्याची असते, आणि तिला जागा लागते. सर्वांचे हात एकाच उंचीवर हवे असतील, तर लेझीम बसवावे. नाच तयार झाला की तो पूर्वी न पाहिलेल्या व्यक्तीला शिकवून बघा, तोही चारही भिंतींकडे तोंड करून.

मराठी गाणे अवश्य चालेल. केरव्याच्या आठ मात्रांची चार आवर्तने म्हणजे ३२, त्यामुळे तिथे हिशेब सरळ जुळतो. सहा मात्रांच्या दादऱ्यावर मात्र ३२ काउंट बसणार नाहीत; तिथे २४ किंवा ४८ची रचना करावी आणि पावले तीन-तीनच्या गटांत विचारात घ्यावीत. अशा रचनेला लाइन डान्स म्हणावे. ‘सोल’ हे नाव ज्या समाजाच्या संगीतातून आले, ते संगीत नसताना ते लावू नये, असे मला वाटते.

प्रश्न : दुसऱ्याने बसवलेला नाच मंडळात शिकवल्यास हक्कभंग होतो का?

उत्तर : अमेरिकेचे कॉपीराइट कार्यालय लहानसहान नृत्यक्रमांची आणि सामाजिक नाचांची नोंदणी करत नाही. तरी वाद झाले आहेत. ‘इलेक्ट्रिक स्लाइड’ आपण १९७६ मध्ये बसवला, असे सांगणारे रिक सिल्व्हर यांनी आंतरजालावरील चित्रफितींना हरकत घेतली होती. २००७ मध्ये तडजोड होऊन त्यांनी अव्यावसायिक वापरास मोकळीक दिली. त्यांची एक तक्रार अशीही होती की लोक नाच चुकीचा नाचतात : त्यांची मूळ रचना २२ काउंटची होती. गाणे सार्वजनिक कार्यक्रमात वाजवण्याच्या परवान्याची बाब वेगळी आहे. ती सभागृहाच्या व्यवस्थापकांना आधी विचारावी. शिकवण्यापूर्वी रचनाकाराचे नाव सांगावे, आणि पावलांचा कागद वाटणार असाल तर गाणे, काउंट व भिंतींची संख्या यांच्या वर ते लिहावे.