काजूच्या चोथ्यापासून पॅकिंग बनवायचं आहे. विद्यापीठाबरोबर काम कसं सुरू करावं?

तुमचा प्रश्न असा: वाळपईजवळ काजूगराचं छोटं युनिट आहे, मोसमात शेजारच्या फेणीच्या भट्टीवरचा बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, चोथा फुकट मिळतो, त्याचं पॅकिंग बनवायला विद्यापीठाची मदत मिळेल का?

मिळते. सत्तरी तालुक्यातच अशा एका प्रकल्पात मी कारखान्याच्या बाजूने तीन वर्षं काढली, त्यावरून सांगतो. ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ, झुआरीनगरचं बिट्स पिलानीचं कॅम्पस, जुन्या गोव्यात एला इथली आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) संस्था; सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी परत.

पण जाण्याआधी एक ठरवून टाका: त्या चोथ्याच्या डब्यात थेट गर भरायचा नाही. गर तेलकट, हवा आणि ओल लागली की खवट होतो; म्हणून तर तो नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरून सीलबंद करतात. दाबलेल्या चोथ्यातून हवाही जाते, ओलही जाते. आतली पिशवी आहे तीच राहू द्या, बाहेरचा खोका नाहीतर ट्रे चोथ्याचा करा. आम्ही हे शिकायला सहा महिने घालवले.

सगळ्यात जास्त छळलं ते कॅलेंडरने. बोंडूंचा भर मार्च ते मे. नेमकी तेव्हा विद्यापीठातली मुलं परीक्षेत. नवी मुलं येईपर्यंत पावसाने मोसम संपवलेला. आणि चोथा कुणासाठी थांबत नाही. कोळंबीत (बोंडू तुडवायच्या जागी) तुडवून, नीरो म्हणजे गोड रस निथळूनही त्यात साखर उरते, एका रात्रीत आंबायला लागतो. पहिल्या वर्षी सोमवारी पोचवू म्हणून दोन पोती डिकीत ठेवली. गाडीला महिनाभर भट्टीचा वास. (घरी तो विषय अजून निघतो.) त्याच दिवशी पसरून उन्हात कडक वाळवा, मग हवा तेव्हा पुरवता येतो. नुसत्या चोथ्याचे ट्रे तुटतात, धागा आखूड पडतो. केळीच्या सोपटाचा धागा किंवा रद्दीचा लगदा मिसळावा लागतो.

दुसरा फटका पावसाचा. प्रयोगशाळेचा अहवाल झकास आला होता. जुलैत तेच ट्रे गोदामात नरम पडले आणि चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) त्यांच्यावर बुरशी. मागाहून कळलं, कागद-लगद्याचे नमुने तपासण्याआधी 23 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रतेत ठेवायची पद्धत आहे. गोव्यात जुलैत 50 टक्के! प्राध्यापकांचा दोष नाही, आम्हीच विचारलं नव्हतं. तुम्ही पहिल्याच बैठकीत 38 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेत काय होतं ते तपासून मागा.

करार लेखी हवा. पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत कुणी पेपर छापायचा नाही, पोस्टरसुद्धा लावायचं नाही, हे त्यात असू द्या. मुलाला प्रबंध द्यायचा असतो, गाइडला पेपर हवा असतो, त्यात गैर काही नाही. पेटंटचा तात्पुरता अर्ज लवकर टाकला की पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात आणि त्यांचंही अडत नाही.

पुढे अन्नाला लागणारं काही करायचं झालं तर झाडाचं आहे म्हणून सुरक्षित असं धरून चालू नका. पोफळीच्या विरीच्या (झावळीच्या रुंद देठाच्या) ताटात आपण निर्धास्त जेवतो, पण त्यातली अल्कलॉइड्स, म्हणजे सुपारीतली नैसर्गिक रसायनं, अन्नात उतरतात म्हणून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) त्या ताटांवर हरकत घेतली. तेल झिरपू नये म्हणून पुरवठादार जे कोटिंग गळ्यात मारेल, त्यात पीएफएएस (सहजी न विघटणारी फ्लोरीनयुक्त रसायनं) नाही असं त्याच्याकडून लिहून घ्या.

यंदा फक्त चोथा वाळवून ठेवा, पोतंभर पुरे. तो हातात घेऊन गेलात की बोलणं लवकर पुढे सरकतं. आम्ही नुसती फाइल घेऊन गेलो होतो.