रिंग्जवरचा पेत्रूनियास: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: पॅरिस ऑलिंपिकमध्ये रिंग्जवर (जिम्नॅस्टिक्समधली दोऱ्यांना टांगलेली दोन कडी) ब्राँझ मिळवणारा ग्रीसचा खेळाडू पूर्वी सुवर्ण जिंकलेलाच का? त्याची कारकीर्द थोडक्यात सांगाल का?

हो, तोच. एलेफ्थेरिओस पेत्रूनियास, जन्म १९९०, अथेन्स. २०१५ मध्ये ग्लासगोला तो रिंग्जवर जगज्जेता झाला आणि त्या पदकानेच त्याला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचे तिकीट मिळाले, कारण ग्रीसचा जिम्नॅस्टिक्स संघ रिओसाठी पात्र ठरला नव्हता. २०१६ च्या एप्रिलमध्ये प्राचीन ऑलिंपियात ज्योत पेटली तेव्हा पहिला मशालवाहकही तोच होता. त्यानंतर रिओत सुवर्ण, २०१७ (माँट्रियल) आणि २०१८ (दोहा) मध्ये पुन्हा जागतिक सुवर्ण, टोकियो आणि पॅरिसला ब्राँझ. सलग तीन ऑलिंपिकमध्ये एकाच साधनावर पदक, आणि शेवटचे वयाच्या ३३ व्या वर्षी. त्याची पत्नी वासिलिकी मिलूसी हीदेखील ऑलिंपिक जिम्नॅस्ट आहे.

प्रश्न: रिओत ब्राझीलच्या झानेत्तीचा संच (सलग सादर केलेल्या हालचालींची मालिका) जास्त अवघड होता असे वाचले. मग तो दुसरा कसा आला?

पेत्रूनियासचा खेळ समजून घ्यायला याहून चांगला प्रश्न नाही. गुणांचे दोन भाग असतात. पहिला काठिण्याचा: संचातल्या हालचालींच्या किमतींची बेरीज, अधिक हालचालींच्या आवश्यक गटांचे गुण. दुसरा सफाईचा: तो १० पासून सुरू होतो आणि चुकीगणिक खाली येतो. झानेत्तीचे काठिण्य ६.९ होते, पेत्रूनियासचे ६.८. सफाईत मात्र झानेत्तीला ८.८६६ मिळाले आणि पेत्रूनियासला ९.२००. बेरीज १५.७६६ विरुद्ध १६.०००. काठिण्यात दशांशाने मागे असलेला माणूस सफाईत तीन दशांशांहून जास्त पुढे गेला.

ही सफाई कशात मोजतात? ताकदीची प्रत्येक स्थिती पूर्ण दोन सेकंद निश्चल धरावी लागते. दोन सेकंदांपेक्षा कमी धरली तर ०.३ कापतात. थांबलाच नाही, तर ती हालचाल काठिण्यात धरत नाहीत. हात किंवा शरीर आदर्श रेषेपासून १५ अंशांपर्यंत ढळले तर ०.१, ३० पर्यंत ०.३, ४५ पर्यंत ०.५. त्यापुढे हालचालच बाद. रिंगांच्या दोऱ्या हलल्या, की पुन्हा कपात. मनगट कड्यावर वाकवून पकड 'खोल' घेतली तर ०.१, कारण त्याने हाताची लांबी कमी होते आणि क्रॉस (हात दोन्ही बाजूंना आडवे पसरून लटकणे) सोपा पडतो. उतरताना लहान पाऊल ०.१, मोठे ०.३.

त्यामुळे अवघड हालचालीने कमावलेला एक दशांश ती धरताना कोपर थोडे वाकले तरी निघून जातो. पेत्रूनियासचा खेळ पाहताना झोक्यातून ताकदीच्या स्थितीत येण्याचा क्षण पाहा. तो जागेवर येऊन थांबतो तेव्हा नंतर सरकून दुरुस्ती करावी लागत नाही. बहुतेकांचे गुण तिथेच जातात.

प्रश्न: हात पसरून लटकण्यात एवढे काय अवघड? टीव्हीवर तर काहीच घडत नाही असे वाटते.

रिंगा जमिनीपासून २.८० मीटर उंच असतात, एकमेकींपासून ५० सेंटिमीटरवर. कड्याचा आतला व्यास १८ सेंटिमीटर. आयर्न क्रॉसमध्ये हात खांद्याच्या रेषेत आडवे असतात. खेळाडू ६० किलोचा धरा: प्रत्येक हातावर सुमारे ३० किलो, आणि तो भार खांद्यापासून साधारण ६० सेंटिमीटर दूर. तरफेच्या टोकाला वजन आले की सांध्यावरचा ताण वाढतो. म्हणून रिंग्जवरचे खेळाडू बहुधा ठेंगणे दिसतात. पण काठिण्याच्या गुणांत क्रॉसची किंमत अवघी ०.२ आहे, उलटा क्रॉस (डोके खाली) ०.३, तर पालथे शरीर रिंगांच्या उंचीला आडवे धरण्याच्या माल्टीजची ०.४. रिंगा स्वतः हलत्या असतात, त्यामुळे ताकदीबरोबर त्यांना स्थिर ठेवण्याचे कामही अखंड चालू असते.

प्रश्न: ग्रीस रिंग्जमध्येच का पुढे?

परंपरा जुनी आहे हे खरे. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रिंग्जचे सुवर्ण योआनिस मित्रोपूलोसने घेतले, २००४ ला अथेन्समध्येच दिमोस्थेनिस ताम्बाकोसने, मग २०१६ ला पेत्रूनियासने. (दोरीच्या मल्लखांबाच्या चाहत्यांसाठी: १८९६ ला १४ मीटर दोरी चढण्याची स्पर्धाही होती. तीही आंद्रियाकोपूलोस या ग्रीकानेच जिंकली.) मात्र १९९६ ला योआनिस मेलिसानिदिसने सुवर्ण जिंकले ते फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरतीत), आणि व्लासिओस मारास २००१ व २००२ ला हॉरिझाँटल बारवर (आडव्या दांड्यावर) जगज्जेता झाला. माझ्या मते मोठा संघ नसलेल्या देशाला एका साधनावर सर्व शक्ती लावणे परवडते, हे कारण परंपरेइतकेच महत्त्वाचे आहे.

प्रश्न: एवढ्या ताणात खांदे टिकतात कसे?

नेहमी टिकत नाहीत. पेत्रूनियासने २०१८ चे दोहा विजेतेपद दुखऱ्या खांद्यानिशी मिळवले आणि मग शस्त्रक्रिया करून घेतली. स्नायू काही महिन्यांत बळावतात, त्यांना हाडांशी जोडणारे स्नायूबंध त्याहून सावकाश. ताकद वाढल्याचे वाटते, भार वाढवला जातो, आणि मागे राहिलेला स्नायूबंध फाटतो. शस्त्रक्रियेनंतर तो टोकियोत पदकापर्यंत पोहोचला, याचे मोल मला त्याच्या सुवर्णांइतकेच वाटते.

प्रश्न: माझा बारा वर्षांचा मुलगा मल्लखांब करतो. त्याला घरी रिंगा लावून क्रॉस शिकवू का?

रिंगा लावा, पण क्रॉस अजून नको. मल्लखांबाने पकड, पोट आणि वाकलेल्या हाताची ताकद येते. क्रॉसला सरळ कोपराची ताकद लागते, आणि वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूची वाढपट्टी (हाड जिथून वाढते तो भाग) नाजूक असते.

सध्या एवढेच करू द्या: रिंगांवर हात सरळ ठेवून शरीर वर तोलून धरणे, तळवे किंचित बाहेर वळवून, १० सेकंदांपासून हळूहळू ३० पर्यंत. मग त्याच स्थितीत पाय समोर आडवे. मग लटकून पाय डोक्यावरून मागे नेऊन सावकाश परत. आठवड्यातून तीन दिवस पुरे. खांदे कानांकडे चढले किंवा कोपर वाकले की संच तिथेच थांबवा.

क्रॉस पुढे कोचच्या देखरेखीखाली, किशोरवयाच्या उत्तरार्धात शिकावा. सुरुवातीला रिंगांना जोडलेले पट्टे कोपराजवळ बांधतात, म्हणजे तरफ आखूड राहते, आणि महिन्यामहिन्याने ते मनगटाकडे सरकवतात. दुसरा मार्ग म्हणजे पायाखाली रबरी पट्टा. दोन्हीत एकेक पकड पाच सेकंद, तीन ते पाच वेळा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले तर त्या दिवशीचा सराव बंद, आणि दुखणे राहिले तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून मगच पुढे.