थंडीतला सराव : नवी सायकल की नवे टायर?

प्रश्न : माझे वय ४६. पुण्यात दर रविवारी हायब्रिड (सरळ हँडलच्या, सर्वसाधारण वापराच्या) सायकलवर ४० किलोमीटर जातो. फेब्रुवारीत २०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची आहे. त्यासाठी रोड बाईक (खाली वळलेल्या हँडलची, वेगासाठी बनवलेली हलकी सायकल) घ्यावी का?

उत्तर : सध्या घेऊ नये. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांबे धरूनही ताशी १५ किलोमीटरची सरासरी पुरते आणि ती आपल्या सायकलवर साधण्याजोगी आहे. पैसे आधी रिमला बसतील अशा गुळगुळीत, मजबूत टायरवर आणि चांगल्या दिव्यांवर खर्च करावेत. रविवारचे अंतर आठवड्याला दहाएक किलोमीटरने वाढवावे, दर चौथ्या आठवड्याला मात्र ते कमी ठेवावे. डिसेंबरच्या पहाटे कात्रजचा घाट चढताना अंग घामाने भिजते आणि उतारावर तोच घाम गार पडून बोटे ब्रेकवर आखडतात; म्हणून जाड स्वेटर घालून निघण्याऐवजी वारा अडवणारे पातळ जाकीट पाठीच्या खिशात घडी करून न्यावे आणि माथ्यावर थांबून, उतार सुरू होण्याआधीच अंगात घालावे. हातमोजे पूर्ण बोटांचेच हवेत. थंडीत तहान जाणवत नाही, तरीही घोट घोट पाणी पीत राहावे. मागचा लाल दिवा लावल्याशिवाय मात्र अंधारात कृपया एकदाही निघू नका.