तोलपावकूत्तु बघायला जातोयस, तर एवढं ऐक

केरळात पालक्काडच्या बाजूला जाणार असशील तर जानेवारी ते मे या दिवसांत जा. तेव्हाच भद्रकालीच्या देवळांत तोलपावकूत्तु, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर पाडून रामायण सांगणारे हे खेळ, लागतात. देवळासमोर कूत्तुमाडम नावाचं वेगळं, लांबट घर असतं, त्याचं तोंड देवीकडे. कारण प्रेक्षक ती! दारिकासुराशी लढत असल्याने तिला रावणवध बघता आला नाही, म्हणून तिच्यासाठी हा खेळ, अशी श्रद्धा आहे. समोर माणसं चारच दिसली तरी कलाकार रात्रभर गातात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

पडद्यामागे जायची परवानगी मात्र नम्रपणे माग. नारळाच्या करवंट्यांत तेवणारे एकवीस दिवे, त्यांच्या उजेडात चामड्याच्या बाहुल्यांची भोकं चमकतात; ते बारकाईने बघ. फ्लॅश अजिबात मारू नकोस.

भाषेची धास्ती नको. पद्यं कंब या कवीच्या तमिळ रामायणातली, निरूपण मोठं. कथा तुला ठाऊकच आहे. परतल्यावर कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या आपल्याकडेही आहेत.