जंगलाचा नकाशा आकाशातून: आधी ड्रोन की आधी वनस्पतीशास्त्र?

पत्र: मी वनस्पतीशास्त्र घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. हवाई छायाचित्रांवरून राष्ट्रीय उद्यानातल्या झाडोऱ्याचा नकाशा कसा तयार करतात, यावर कॉलेजात एक व्याख्यान झालं आणि तेव्हापासून हेच करावंसं वाटतंय. बाबांचं म्हणणं, ड्रोनचं लायसन्स काढ, लगेच काम मिळेल. मावसभाऊ संगणकात आहे. तो म्हणतो, आता मशीन आपोआप झाडं ओळखतं, हे काम पाच वर्षांत संपणार. माझं गणित बारावीनंतर सुटलंय. मी नेमकं काय शिकू?

उत्तर:

लायसन्स काढायचं तर काढ, पण घाई करू नकोस. बाबांचं एवढं खरं की ड्रोन चालवणाऱ्याला काम पटकन मिळतं. ते काम बहुधा लग्नाचं, बांधकामाचं नाहीतर शेतावर फवारणीचं असतं. तुला हवंय ते काम वेगळं आहे आणि त्यात उडवणं हा सगळ्यात छोटा भाग.

आधी एक हिशोब कर. अमेरिकेतलं ग्रेट स्मोकी माउंटन्स हे राष्ट्रीय उद्यान दोन हजार चौरस किलोमीटरहून थोडं मोठं आहे. ड्रोनची बॅटरी वीस-तीस मिनिटं टिकते. जंगलावर उडताना एक फोटो दुसऱ्यावर ७५-८० टक्के चढवावा लागतो, नाहीतर वाऱ्याने हलणारे शेंडे सॉफ्टवेअरला जुळवता येत नाहीत. तरीही एका उड्डाणात अर्धा चौरस किलोमीटर उरकला असं उदार मनाने धरू. म्हणजे चार हजार उड्डाणं. तीही डोंगरात, ढगात आणि रस्ता नसलेल्या ठिकाणी. म्हणून अख्ख्या उद्यानाचे फोटो विमानातून घेतात. ड्रोन उपयोगी पडतो तो निवडक तुकडे बारकाईने तपासायला. १२० मीटरवरून त्याच्या फोटोतला एक ठिपका जमिनीवरच्या जेमतेम तीन सेंटीमीटरचा असतो, त्यामुळे एकेका झाडाच्या मुकुटाचा आकारही कळू शकतो. शिवाय परवानगीचा प्रश्न आहेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांनी २०१४ मध्येच हौशी ड्रोनवर बंदी घातली. आपल्याकडे उद्यानात अभ्यासासाठी पाऊल टाकायचं तरी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते.

स्मोकीचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण हे काम कसं चालतं ते त्यात छान दिसतं. तिथे १९९७-९८ मध्ये १:१२,००० प्रमाणाचे रंगीत अवरक्त (इन्फ्रारेड) फोटो घेतले गेले. या प्रमाणात फोटोवरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे बारा मीटर. जुन्या हवाई कॅमेऱ्याची फिल्म २३ सेंटीमीटर चौरस असायची, म्हणजे एका फोटोत साधारण पावणेतीन किलोमीटर बाजूचा चौकोन मावायचा. लागोपाठचे दोन फोटो साठ टक्के एकमेकांवर येतील अशा बेताने विमान चालवायचं. ती जोडी स्टिरिओस्कोप या दोन भिंगांच्या उपकरणाखाली ठेवली, डावा डोळा एका फोटोवर, उजवा दुसऱ्यावर, की क्षणभर सगळं धूसर होतं आणि मग जंगल एकदम कागदातून वर येतं. दरी खाली जाते, उंच झाडाचा मुकुट शेजाऱ्यांच्या वर डोकावतो. पहिल्या दिवशी डोकं दुखतं, हेही सांगून ठेवतो. आता हे सगळं पडद्यावर होतं, पण डोळ्याला तीच सवय लावावी लागते.

आणि अवरक्तच का? इथे तुझं वनस्पतीशास्त्र कामाला येतं. पानाच्या उभ्या छेदाच्या आकृतीत तू खालच्या बाजूला सैल, पोकळ्या-पोकळ्यांची स्पंजी पॅरेन्कायमा काढतेस ना? डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश त्या पोकळ्यांत शिरतो, पेशींच्या भिंतींवर आपटत फिरतो आणि बराचसा परत बाहेर फेकला जातो. हिरव्या प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त. फिल्मवर हा प्रकाश लाल रंगात दाखवतात, त्यामुळे निरोगी जंगल लालभडक दिसतं. रुंद पानांची झाडं उजळ गुलाबी-लाल, सूचिपर्णी काळपट तांबडी, वठलेलं झाड निळसर-करडं. दुसऱ्या महायुद्धात ही फिल्म वापरली ती झाडीत लपवलेले रणगाडे हुडकायला. हिरवा रंग फासलेली जाळी डोळ्याला फसवते, पण पानासारखा अवरक्त प्रकाश परत पाठवत नाही. छेदाची ती आकृती ज्याला नीट कळली, त्याला फोटोतला रंग पाठ करावा लागत नाही.

स्मोकीतल्या लोकांसमोर आणखी एक अडचण होती. उन्हाळ्यात वरून दिसतो तो फक्त झाडांचा माथा. खाली ऱ्होडोडेंड्रॉनची गच्च झुडपं माजली असली तरी विमानाला पत्ता नाही. मग त्यांनी पानगळीनंतरचे फोटो वापरले. वरची झाडं उघडी पडली की खालचं सदाहरित झुडूप आपोआप दिसतं. कुठलं झाड कधी पान टाकतं हे माहीत असलं, तरच ‘फोटो कधी घ्यायचा’ या प्रश्नाचं उत्तर देता येतं. ते उत्तर वैमानिक देत नाही. अशा मोहिमेत ते तू द्यायचं असतं.

बाकी ओळख पटवायची ती रंग, पोत, आकार, सावली, जागा आणि शेजार यांवरून. शेजार फार बोलका असतो. ओढ्याच्या दोन्ही काठांनी गडद पट्टा जात असेल, तर तो काय असू शकतो याच्या शक्यता चार-पाचच उरतात. पण त्या चार-पाच तुला ठाऊक हव्यात.

सावलीवरून माझीच फजिती सांगतो. मार्गदर्शनाकडे वळण्याआधी काही वर्षं मी असेच नकाशे काढायचो. एका डोंगररांगेच्या एका बाजूला गडद, दाट ठिगळं दिसत होती. मी बिनधास्त अकरा पॉलिगॉन, म्हणजे हद्द आखलेले तुकडे, काढले आणि प्रत्येकात ‘सदाहरित’ लिहून मोकळा झालो. नंतर पडताळणीला गेलो तर पायाखाली वाळक्या पानांचा खच. सोबतच्या वनरक्षकाने माझ्या हातातला नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, “साहेब, फोटो सकाळचा आहे का?” सकाळचाच होता. मी सदाहरित जंगल म्हणून रंगवलं होतं ते कड्याच्या सावलीत बसलेलं साधं पानगळीचं रान होतं. अकरापैकी नऊ पॉलिगॉन खोडावे लागले. उंच-सखल भागाचे विमानी फोटो दुपारच्या आसपास, सूर्य डोक्यावर असताना का घेतात, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं.

आता मावसभावाचा मुद्दा. तो अगदीच चुकीचा नाही. हद्दी आखण्याचं कंटाळवाणं काम संगणक माणसापेक्षा झपाट्याने करतो आणि नुसतं डिजिटायझिंग, म्हणजे पडद्यावर हद्दी गिरवणं, येणाऱ्याने खरंच काळजी करावी. पण त्या मशीनला आधी हजारो उदाहरणं दाखवावी लागतात: हे ठिगळ म्हणजे बांबू, हे करवंदीची जाळी, हे घाणेरी. ही उदाहरणं कोण देणार? जंगलात जाऊन झाडाचं नाव सांगू शकणारं माणूस. चुकीची नावं शिकवली तर मशीन त्याच चुका दोन हजार चौरस किलोमीटरभर तितक्याच आत्मविश्वासाने करतं. मी निदान नऊच केल्या. मशीन लर्निंग जरूर शीक. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तर शिकच. पण शिकवणाऱ्याच्या बाजूने टेबलाशी बस.

हे नकाशे शेवटी वापरतं कोण, हेही बघ. फ्लॉरिडातल्या एव्हरग्लेड्स या पाणथळ उद्यानात बाहेरून आलेल्या झाडांनी धुमाकूळ घातला: मेलाल्यूका, ब्राझिलियन पेपर, आणि आपण किनाऱ्यावर हौसेने लावतो ते सुरूचं झाड. कुठे किती पसरलंय हे कळल्याशिवाय काढायचं कुठून? तिथेही अवरक्त हवाई फोटोंवरून नकाशा झाला आणि दलदलीत चालता येईना म्हणून पडताळणीला हेलिकॉप्टर वापरलं. स्मोकीत २००२ मध्ये हेमलॉकची झाडं मारणारी एक बारीक कीड सापडली. हेमलॉक कुठे-कुठे आहे याचा नकाशा हाताशी होता, म्हणून फवारणी आणि उपचार कुठे करायचे हे ठरवता आलं. अशी नोकरी वन विभागात असते, संशोधन संस्थेत असते, पर्यावरण सल्लागाराकडे असते, कधी एखाद्या प्रकल्पापुरती दोन-तीन वर्षांचीही असते. सुरुवातीला ती प्रकल्पाचीच मिळेल, हे घरी आत्ताच सांगून ठेव.

गणिताचं घाबरणं सोड. रोजच्या कामाला कॅल्क्युलस लागत नाही, संख्याशास्त्र मात्र लागतं. आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा तक्ता अचूकतेचा, तो सहावीतल्या मुलालाही समजेल. समज, तुझ्या नकाशात बांबू दाखवलेल्या ३० जागी तू प्रत्यक्ष गेलीस आणि २४ जागी खरंच बांबू निघाला. म्हणजे नकाशा वापरणाऱ्याच्या दृष्टीने अचूकता ८० टक्के. वाईट नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या नकाशांना प्रत्येक वर्गासाठी हेच ८० टक्क्यांचं उद्दिष्ट असतं. पण तपासलेल्या सगळ्या जागा मिळून बांबू सापडला एकूण ४० ठिकाणी, आणि तुझ्या नकाशाने त्यातल्या २४ च पकडल्या. म्हणजे नकाशा करणाऱ्याच्या बाजूने ६० टक्के. बाकीचा सोळा ठिकाणचा बांबू तू दुसऱ्याच नावाने रंगवलास. एकाच नकाशाचे हे दोन आकडे आणि दोन्ही खरे. मुलाखतीत कुणी फक्त “अचूकता किती?” विचारलं, तर “कुठली?” असं विचारणारा उमेदवार मला नेहमी आवडत आला आहे.

अभ्यासक्रमाचं थोडक्यात सांगतो. बीएस्सी वनस्पतीशास्त्रातच पूर्ण कर आणि वर्गीकरणाचे तास बुडवू नकोस, कितीही रटाळ वाटले तरी. हर्बेरियमचे, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचे, कागद चिकटवताना ज्या मुली वैतागतात, त्यातल्याच काही पुढे माझ्याकडे ‘प्लांट आयडेंटिफिकेशन येत नाही, काय करू’ म्हणून येतात. एमएस्सी वनस्पतीशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा जिओइन्फॉर्मेटिक्स (संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याचं शास्त्र) यांपैकी काहीही चालेल. पहिल्या दोन्हींत रिमोट सेन्सिंगचा, म्हणजे विमान-उपग्रहांच्या चित्रांवरून जमीन वाचण्याचा, पेपर असेल असं कॉलेज बघ, तिसऱ्यात जंगलावरचा प्रबंध करू देणारे सर किंवा मॅडम. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचं नाव लिहून ठेव. १९६६ मध्ये ती हवाई फोटोंचा अर्थ लावायला शिकवणारी संस्था म्हणूनच सुरू झाली, नेदरलँड्सच्या आयटीसी या संस्थेच्या मदतीने. तिचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम असतात. ते आत्ता, दुसऱ्या वर्षातच कर. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. महागड्या सॉफ्टवेअरच्या क्लासला पैसे घालण्याआधी ते वापरून बघ.

आणि निर्णय घेण्याआधी एक प्रयोग कर. तुला पायी फिरता येईल असा एक चौरस किलोमीटर निवड, जिथे शिरायला परवानगी लागत नाही असा: टेकडी, माळ, ओढ्याकाठ, काहीही. त्याचं उपग्रह चित्र क्यूजीआयएसमध्ये उघड आणि मशीनची मदत न घेता हद्दी आख. अर्ध्या हेक्टरपेक्षा लहान तुकडा वेगळा काढायचा नाही असा नियम घाल. हा नियम पाळणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, कारण एक देखणं एकटं झाड वेगळं दाखवायचा मोह होतोच. पाच-सहा वर्ग पुरेत. मग संगणकाकडून पन्नास बिंदू विखरून घे आणि प्रत्येकाशी जा. सोयीच्या पायवाटेवरचेच बिंदू निवडलेस तर प्रयोग फुकट गेला. प्रत्येक ठिकाणी फोटो काढ, पाच मुख्य वनस्पतींची नावं लिही आणि ओळखता आली नाही तिथे सरळ ‘माहीत नाही’ असं लिही. एकटी जाऊ नकोस. बाबांना घेऊन जा. ड्रोनचं त्यांच्याशी तिथेच बोलणं होईल.

हे करताना सतराव्या-अठराव्या बिंदूपाशी काट्यांत पाय अडकेल, ऊन लागेल, आणि आपण आखलेली हद्द जमिनीवर कुठेच दिसत नाही म्हणून चिडचिड होईल. गवत संपून झुडूप कुठे सुरू होतं हे उभ्याने ठरवताच येत नाही. तेव्हा घरी जावंसं वाटलं, की पुढचा बिंदू बघावासा वाटला, ते मला कळव. सोबत तुझा अचूकतेचा तक्ता पाठव, आकडे वाईट आले असले तरी. त्यावरून एमएस्सी कुठली घ्यायची ते आपण ठरवू.