लेकीला वाऱ्याचा माग काढायचाय

प्रश्न : माझी मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय रसायनशास्त्र. ती दहावीत असताना, जानेवारी २०२२ मध्ये, मुंबईत पांढरी धूळ पडली होती. बाबांची स्कूटर पुसताना पिठासारखी बारीक धूळ तिच्या हाताला लागली. नंतर बातम्यांत कळलं, की ही पाकिस्तानकडून समुद्रावरून आली. तेव्हापासून एका देशाचं प्रदूषण दुसऱ्या देशात कसं जातं, हेच तिच्या डोक्यात आहे. यातच करिअर करायचं म्हणते. घरचे म्हणतात बी.एड. कर, नाहीतर फार्मा कंपनीत लाग. अशी नोकरी असते का? परदेशी पाठवावं लागेल का? तेवढी आमची ऐपत नाही. – एक आई

उत्तर : ताई, आधी पैशांचं बोलते, कारण तुमची झोप त्यानेच उडाली असणार. परदेशी पाठवायची गरज नाही. हवेच्या अभ्यासातली देशातली एक आघाडीची संस्था, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, पुण्यात पाषाणला आहे. मुंबई-पुण्याची हवा किती प्रदूषित असेल याचा अंदाज देणारी ‘सफर’ यंत्रणा तिथल्याच शास्त्रज्ञांनी उभी केली. नागपूरला ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, पवईच्या आयआयटीत पर्यावरणाचा स्वतंत्र विभाग आहे.

आता नोकरीचं. ‘सीमापार प्रदूषणतज्ज्ञ पाहिजेत’ अशी जाहिरात पेपरात कधीच येणार नाही. हे काम ज्यांच्या हातून होतं ते कागदोपत्री रसायनशास्त्रज्ञ असतात, हवामानशास्त्रज्ञ असतात, वकील असतात. म्हणून मुलीला विषय कुठला आवडतो याइतकंच तिच्या हातात हुन्नर कुठलं आहे, हेही विचारायला हवं.

एक प्रसंग सांगते, तो तिलाही वाचायला द्या. २८ एप्रिल १९८६ ची सकाळ. स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एक कर्मचारी किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रापुढून गेला आणि अलार्म वाजला. तपासलं, तर किरणोत्सर्ग त्याच्या बुटांवर होता. सगळ्यांना वाटलं आपल्याच केंद्रात गळती झाली. पण केंद्राबाहेरच्या जमिनीवरही तेच सापडलं. मग त्या कणांत कुठली मूलद्रव्यं किती आहेत हे मोजलं गेलं. ते मिश्रण सांगत होतं, की हा बॉम्ब नव्हे, अणुभट्टी आहे. मागच्या दोन दिवसांचा वारा पाहिला, तो सोव्हिएत संघाकडून आला होता. तिथलं चेर्नोबिल अणुवीज केंद्र फोर्समार्कपासून जवळजवळ अकराशे किलोमीटरवर. चेर्नोबिलचा स्फोट २६ तारखेच्या पहाटेच झाला होता, मॉस्कोने तो जाहीर केला २८ च्या संध्याकाळी.

ताई, या गोष्टीत रसायनशास्त्र आहे आणि वारा आहे. तुमच्या लेकीकडे त्यातलं पहिलं अर्धं आत्ताच आहे. ते सोडू नका. बी.एस्सी. झाल्यावर लगेच ‘पर्यावरण’ नाव असलेला कुठलाही कोर्स घेणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मला वाईट वाटतं. प्रदूषणावर दहा पानं लिहितात, पण नमुना कसा घ्यायचा, यंत्र कसं कॅलिब्रेट करायचं, म्हणजे त्याचं माप बरोबर येतंय ना हे कसं तपासायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. शेजारच्या देशासमोर ‘हा धूर तुमचा’ म्हणायचं, तर आकडा पक्का लागतो. युरोपात १९६० च्या दशकात स्वीडिश तळी आम्लधर्मी होऊ लागली, तेव्हा त्याला कारण असलेलं गंधक ब्रिटन आणि जर्मनीच्या धुराड्यांमधूनही येतंय हे दाखवायला अनेक देशांत वर्षानुवर्षं मोजमापं झाली. त्यानंतर कुठे सीमापार हवा प्रदूषणावरचा १९७९ चा जिनिव्हा करार झाला. १९८५ च्या हेलसिंकी कराराने गंधकाचं उत्सर्जन ३० टक्के कमी करायचं ठरलं.

म्हणून एम.एस्सी. रसायनशास्त्रातच करू दे, शक्यतो विश्लेषणात्मक शाखेत, म्हणजे नमुन्यात काय किती आहे हे मोजायला शिकवणाऱ्या. आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश देणाऱ्या ‘जॅम’ परीक्षेची तयारी आत्तापासून. सोबत संख्याशास्त्र आणि पायथन ही संगणकाची भाषा, इथे टाळाटाळ नको. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना दरमहा ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे घरावर भार नाही. पण पीएच.डी.ची चार-पाच वर्षं धीर धरावा लागेल, हे तुम्हाला आधीच सांगते. मध्येच थांबावंसं वाटलं तरी प्रदूषण नियंत्रण मंडळं, तपासणी प्रयोगशाळा, आणि हो, फार्मा कंपनीसुद्धा, हे दरवाजे उघडे राहतात.

बोलायला खमकी असेल, तर तीन वर्षांचं एलएल.बी. हाही रस्ता आहे. इंडोनेशियातल्या सुमात्रा-कालिमांतानच्या जळत्या दलदलीचा धूर सिंगापूर-मलेशियाला गुदमरवतो. त्यावर आग्नेय आशियातल्या ‘आसियान’ देशांचा करार २००२ मध्ये झाला, पण खुद्द इंडोनेशियाने त्याला मंजुरी दिली २०१४ मध्ये. त्याच वर्षी सिंगापूरने परदेशात आग लावणाऱ्या कंपन्यांनाही जाब विचारता येईल असा कायदा केला. अमृतसर आणि लाहोर एकमेकांपासून पन्नासेक किलोमीटरवर. भाताचा पेंढा दोन्हीकडे जळतो आणि वारा फिरेल तसा धूर इकडून तिकडे, तिकडून इकडे जातो. आपल्या उपखंडात सीमापार हवा प्रदूषणावरचं १९९८ चं माले घोषणापत्र आहे, पण ते कुणावर बंधनकारक नाही. या भागात काम करणारी माणसं फार कमी आहेत आणि मला मनापासून वाटतं, की तुमच्या मुलीसारखी आणखी हवीत.

बी.एड.चा निर्णय वर्षभर लांबवा. तोवर तिला एक काम द्या. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेचं ‘हायस्प्लिट’ नावाचं मॉडेल इंटरनेटवर फुकट चालवता येतं. ठिकाण आणि तारीख देऊन मागे जाणारा (‘बॅकवर्ड’) ७२ तासांचा पर्याय निवडला, की तिथली हवा आधीचे तीन दिवस कुठून कुठून आली त्याची रेघ नकाशावर उमटते. तिला मुंबई आणि २३ जानेवारी २०२२ घालायला सांगा. वेळ ग्रिनिचची द्यायची असते, तिथे साडेपाच तासांची चूक होते, तेवढं बघ म्हणावं. उंची बदलून तीन-चार वेळा चालवू दे आणि रेघा वेगवेगळ्या आल्या तर का आल्या, ते दोन पानांत मला लिहून पाठवू दे. त्या दोन पानांवरून पुढचं बोलू.