कॅरमच्या सोंगट्या आणि काँट्राची रांग

प्रश्न : बॉस्टनची पुतणी सुट्टीत आली आणि आमच्या सोसायटीत काँट्रा नाचाचं खूळ लावून गेली. हा अमेरिकेतला लोकनाच, दोन लांब रांगांत समोरासमोर उभं राहून जोड्यांनी करायचा; दर फेरीला जोड्या रांगेत पुढे सरकतात. आता दर रविवारी आम्ही नऊ जोड्या क्लबहाउसमध्ये नाचतो. कॉलिंग, म्हणजे पुढची चाल ओरडून सांगणं, मी करते. सोपे नाच झकास होतात. परवा तिरप्या चालींचा, म्हणजे समोरच्याऐवजी तिरक्या बाजूच्या नाचणाऱ्याकडे जायचा, अवघड नाच घेतला. आधी एकदा चालून पाहिला तेव्हा जमला. स्पीकरवर धून लागली आणि तिसऱ्या फेरीत रांगेच्या टोकाला चेंगराचेंगरी! ओरडून घसा बसला. काय चुकतंय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. आवाज कमी पडला नाही, उशिरा पडला.

काँट्राची एक फेरी ६४ ठोक्यांची, म्हणजे तीनतालाची चार आवर्तनं. अर्ध्या मिनिटात संपते. चाल समेवर सुरू व्हायची तर तुमचं बोलणं तेराव्या मात्रेच्या टाळीला सुरू होऊन सोळाव्याला संपलं पाहिजे. मी स्वतः कित्येक महिने समेवरच तोंड उघडायचे. सोप्या नाचात लोक सांभाळून घेतात, अवघड नाचात नाही.

त्यात आपली मराठी! ‘डावीकडच्या तिरप्या शेजारणीचा उजवा हात धरून फिरा’ – यातलं ‘फिरा’ येईस्तोवर सम गेली. ‘तिरपी शेजारीण, उजवा!’ बास. फेरीगणिक शब्द आणखी कमी करा, पाय शिकले की गप्प बसा.

खरी मेख टोकाला आहे. दोन-दोन जोड्या मिळून नाचतात, म्हणून नऊ जोड्या म्हणजे दर फेरीला एक जोडी टोकाला मोकळी. सोप्या नाचात तिने बाजू बदलून, तोंड फिरवून पुढच्या फेरीची वाट पाहिली की झालं. तिरप्या चालीत मात्र नेमका त्याच जोडीकडे कुणीतरी हात पुढे करून येतो, आणि ती बाटलीतून पाणी पीत असते! एकदाच चालून पाहिलंत, त्यात एकच टोक दिसलं.

शनिवारी रात्री कॅरम काढा. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, जोड्या बरोब्बर! खडूने आकडे घाला, दोन रांगा मांडा, चार फेऱ्या सरकवा. कुठली सोंगटी कुणाला शोधत राहते ते दिसेल. रविवारी नाच लावण्याआधी दोन्ही टोकांना जाऊन तेवढं सांगा, आणि पाण्याच्या बाटल्या आधी बाजूला ठेवायला लावा.